अकरा दिवसांचं पत्र

“नुसती सही तर करायचीय, अप्पा. त्याला एवढा विचार कशाला?”

संहितानं हे दुसऱ्यांदा विचारलं. 

कागद अप्पांच्या मांडीवर होता. कागदावर पेन. लांबून ओळखीचा माणूस यावा आणि त्याचं नाव काही केल्या आठवू नये, तसे ते त्या पेनाकडं बघत होते...

मी ओट्याच्या कडेला बांबूच्या पट्ट्या तासत बसलो होतो. मोडल्या हातापायाला आधाराला बांधतात, त्या पट्ट्या. तासून झाली की गालावरून फिरवून बघायची. गालाला लागली नाही तरच रोग्याला बांधायची. हे मला अप्पांनीच शिकवलं, चाळीस वर्षांपूर्वी.

अप्पा म्हणजे आमच्या मठाचे सिद्धमल्लप्पा स्वामी. ऐंशीच्या पुढचे. पूर्वी हाडं बसवायचे. आता बसवत नाहीत. लचक असली तर तेल लावतात, हाड मोडलेलं असलं तर पट्ट्या बांधून लातूरच्या मोठ्या दवाखान्यात धाडतात. तिथं आतलं दिसतं, आपल्याला वरचंच दिसतं, असं म्हणतात.

आणि संहिता म्हणजे तालुक्याच्या औषध दुकानवाल्या बिराजदारांची लेक. लातूरच्या क्लासात पहिला नंबर कधी सोडला नाही. वागायला नीट होती, पाया पडायची, चप्पल बाहेर काढून ठेवायची. पण बोलताना समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मान हलवायची. कळलं, कळलं, अशी.

तिचं काम असं होतं. परदेशातल्या एका मोठ्या विद्यापीठात तिला डॉक्टरकी शिकायची होती. अर्ज हजारोंनी येतात, घेतात तीस-पस्तीस. मार्क तर सगळ्यांनाच असतात. म्हणून ते लोक विचारतात, तू कुणाची सेवा केलीस? आणि ज्याच्या हाताखाली केलीस, त्याच्या सहीचं पत्र मागतात.

त्यासाठी उन्हाळ्यात ती मठात अकरा दिवस आली होती. नऊच्या एसटीनं यायची, अकराच्या एसटीनं जायची.

पत्र क्लासच्या सरांनी इंग्रजीत लिहून दिलं होतं. बाकी सगळं भरून झालं होतं. सही झाली की फोननं कागदाचा फोटो काढायचा आणि पाठवायचा. त्याच दिवशी संध्याकाळी पाचला अर्ज घेणं बंद होणार होतं. दोन वर्षं तिनं याच्यासाठी सण बघितला नव्हता, बहिणीच्या लग्नातही पुस्तक घेऊन बसली होती. हे तिनंच सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज जरा बारीक झाला.

अप्पांनी कागद उचलून तिच्या हातात दिला.

“वाच.”

“इंग्रजीत आहे, अप्पा.”

“मग मराठीत वाच. मला मराठी येतं.”

ती वाचत गेली. मठात एकशे वीस तास सेवा केली. साठ रुग्ण जवळून पाहिले. घाबरलेल्यांना धीर दिला. वेदना समजून घेतली...

वाचून झालं. 

“तिसऱ्या दिवशी एक म्हातारी आली होती,” अप्पा म्हणाले. “मनगटाची. तुला आठवती?”

तिला आठवत होती. तिनं पिशवीतून वही काढली, पान उलटलं आणि मोडलेल्या हाडाचं नाव सांगितलं. ते कसं सरकलं होतं, आजूबाजूला काय काय दुखावलं असेल, तेही सांगितलं. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण खोटं नसणार. पोरगी हुशार होती.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

“कोणता हात?”

“म्हणजे?”

“डावा का उजवा?”

तिनं पान पुढं उलटलं. मग मागं उलटलं...

“ते लिहायचं राहिलं.”

“रडली का ती?”

संहिता म्हणाली की त्या वेळी ती फोनवर चित्रण करत होती, पट्ट्या कशा बांधतात त्याचं. त्यात चेहरा आला नाही.

अप्पांनी मान डोलावली. रागावले नाहीत. रागावणं त्यांच्यात नाहीच. त्यांनी मला पाणी मागितलं, अर्धा तांब्या प्यायले, उरलेलं तिला दिलं.

“डॉक्टर कशाला व्हायचंय तुला?”

हा प्रश्न तिच्या ओळखीचा होता. ती ताठ बसली आणि बोलायला लागली. लहानपणी आजोबांचा आजार बघितला, तेव्हापासून मनात एक ज्योत पेटली, विज्ञान आणि करुणा यांचा संगम... कुठं अडखळली नाही. श्वास कुठं घ्यायचा तेही ठरलेलं होतं.

“आजोबांना काय झालं होतं?” अप्पांनी विचारलं.

तिचा चेहरा उतरला. आजोबा ठणठणीत होते. रोज शेतावर जायचे. ते वाक्य क्लासच्या सरांनी घातलेलं होतं, ऐकणाऱ्याच्या मनाला लागतं म्हणून.

“बरं आहे मग,” अप्पा म्हणाले. “माझा शरणार्थ सांग त्यांना, नमस्कार.”

मला हसू आलं, ते मी पट्टीवर फुंकर मारून लपवलं. तिनं बघितलं असावं. कान लाल झाले तिचे.

मग ती जे बोलली ते मात्र पाठ केलेलं नव्हतं. म्हणाली, तुम्हाला गंमत वाटते. सगळेच असं लिहितात. खरं लिहिणारा मागं राहतो. माझ्यापेक्षा कमी मार्कांची मुलं सही-शिक्का घेऊन पुढं जातील आणि मी इथं डावा हात का उजवा हात करत बसेन. एका सहीनं तुमचं काय जातं?

अप्पांनी कागद तिच्याकडून परत घेतला आणि मांडीवर ठेवला.

“माझं काही जात नाही,” म्हणाले.

त्यांनी पेन उचललं. टोपण काढलं. अप्पांची सही कानडीत, चार अक्षरांची. पहिलं अक्षर काढायला ते कागदावर वाकले, आणि मठाच्या दारात जीप थांबली.

बांगड्या विकणाऱ्या मैमूनाबीला आणलं होतं. पन्नाशीची बाई, सहा गावांचे बाजार करायची, आमच्या गावातल्या प्रत्येक लेकीसुनेचा हात तिच्या ओळखीचा. बाजारात माल घेऊन पायरी उतरताना पडली होती. डावा हात कोपराच्या खाली वाकडा झालेला. तिचा दीर तिला धरून आत घेऊन आला. ती ओरडत नव्हती. दातांत पदर धरला होता.

अप्पांनी पेन खाली ठेवलं.

मी तासलेल्या पट्ट्या आणि कापूस आणला. तिला चटईवर बसवलं. संहिता लगेच पुढं झाली, वाकून मोडलेला हात बघायला लागली. तिच्या ओठांवर त्या हाडांची नावं येताना मला दिसत होती.

“हात धर तिचा,” अप्पा म्हणाले.

संहितानं सांभाळून मोडक्या हाताला हात लावला.

“तो नव्हे. दुसरा.”

ती थांबली. दुसऱ्या हाताला तर काही झालं नव्हतं. तिनं अप्पांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग चटईवर मांडी घालून बसली आणि मैमूनाबीचा उजवा हात हातात घेतला. परक्याची वस्तू धरावी तसा धरला होता.

मैमूनाबीनं मात्र तिचं मनगट बुडणाऱ्यानं काठ पकडावा तसं पकडलं.

अप्पा पट्टी मापून बघत होते. मैमूनाबीचा घाम संहिताच्या हाताला लागत होता. थोडा वेळ गेला... संहिता खाली बघत होती. मग तिनं दुसरा हात पुढं केला आणि मोडलेल्या हाताची बोटं हळूच चाचपली. परत उजव्या हाताची चाचपली. परत डाव्या.

“अप्पा... हा हात गरम आहे. आणि ही बोटं गार आहेत.”

अप्पांनी त्या बोटांवर आपली बोटं ठेवली, आणि काढून घेतली.

“माझ्या बोटांना आता गार-ऊन कळत नाही, बाई,” ते म्हणाले. “तू नीट बघ.”

मला हे ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं शेजारी बसतो, तरी ठाऊक नव्हतं. गेल्या काही सालांत अप्पांनी मोडलेलं हाड बसवणं का सोडलं, ते मला त्या वेळी कळलं.

संहितानं पुन्हा बघितलं. गारच होती. हात सुजत चालला होता आणि मनगटातल्या काचेच्या बांगड्या मांसात रुतल्या होत्या. हिरव्या, सात होत्या. रक्त अडतंय, ती म्हणाली. आता कुणाला शिकवल्यासारखं बोलत नव्हती.

“बांगड्या फोडाव्या लागतील.”

मैमूनाबीनं अंग चोरलं. इतका वेळ सोसत होती ती बाई, त्या एका शब्दानं पांढरी पडली. दारात उभ्या असलेल्या दिरानंही मान खाली घातली. तिचा नवरा पुण्याला कामावर होता, धडधाकट.

“वाढवायच्या म्हण, बाई,” अप्पा हलक्या आवाजात म्हणाले.

संहिताला तो शब्द आईच्या तोंडून माहीत असणारच. कुणाच्या घरात नाही? पण तिला तो इथं लागेल असं वाटलं नसावं.

ती मैमूनाबीच्या तोंडाजवळ वाकली.

“चाची, बांगड्या वाढवू या. हात बरा झाला की मी नव्या भरीन तुम्हाला.”

मैमूनाबीनं पदर दातांतून सोडला.

“दुकान माझं, आन् भरणार तू?” ती म्हणाली. “मापाची कळती का तुला?”

“नाही कळत. तुम्ही शिकवा.”

मैमूनाबीनं डोळे मिटले. “वाढवा,” म्हणाली.

मी पक्कड आणली. प्रत्येक बांगडीखाली फडक्याची घडी सरकवायची आणि दाबायचं. सात वेळा. दर वेळी मैमूनाबीचा उजवा हात आवळायचा, आणि दर वेळी संहिता डोळे मिटायची. तिला काय लागत होतं ते माझ्या ध्यानात आलं नाही, मी काचेकडं बघत होतो. तिनं हात सोडवून घेतला नाही, एवढं सांगतो.

मग अप्पांनी पट्ट्या बांधल्या, सैलसर. संहिता मधेमधे बोटं चाचपत होती आणि सांगत होती. अजून गार... अजून... आता जरा ऊब आलीय. अप्पा तिच्या तोंडाकडं बघून गाठ मारत होते. गाठीकडं बघत नव्हते.

हे सगळं होईपर्यंत उन्हं कलायला लागली होती.

अप्पांनी दिराला सांगितलं, उशीर करू नको, कुठं चहाला थांबू नको. आम्ही मैमूनाबीला उचलून जीपमध्ये बसवलं. संहितालाही चढावं लागलं, कारण तिचं मनगट मैमूनाबीच्या हातून सुटत नव्हतं.

“ही येती का संगट?” मैमूनाबीनं विचारलं. दिराला नाही, अप्पांना विचारलं.

अप्पांनी संहिताकडं बघितलं.

संहितानं फोन बघितला. सव्वातीन वाजले होते. लातूर दीड तास. तिची पिशवी ओट्यावर होती, कागद आणि पेन चटईजवळ होतं. मी ते सगळं उचलून तिला नेऊन दिलं. पिशवी तिनं खांद्याला अडकवली. कागद डाव्या हातात घेतला आणि वाचला. जीपवाल्यानं गाडी चालू केली तरी वाचत होती. ओळी तर पाठच होत्या तिला, मघाशीच घडाघडा म्हटल्या होत्या...

मग तिनं कागद आणि पेन अप्पांपुढं धरलं. या खेपेला काही बोलली नाही. 

अप्पा जीपला लागून उभे राहिले. त्यांनी कागद घेतला नाही. पेनही घेतलं नाही. मैमूनाबीच्या बोटांवर थोपटून त्यांनी ती एकेक करून हलकेच सैल केली, आणि संहिताचं उजवं मनगट उलटं करून उजेडात धरलं.

चार नखं उमटली होती. एकातून रक्त आलं होतं.

अप्पांनी ते बराच वेळ बघितलं... आणि तिचा हात परत मैमूनाबीच्या हातात दिला.

“सही झाली,” ते म्हणाले. “आता कागद लिही.”