मोहोरबंद लेखणी

“थोरल्या बाई, तुमचा बोरू आता नदीत सोडा!” मुख्य गुरुजी कडाडले.

लहानांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, ऐका. हे भांडण इतक्या जुन्या काळचं, की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथे नदीकाठी एक शाळा होती. मुलं काठावरचा बोरू तोडायची, चाकूने तासायची आणि त्यानेच लिहायची. थोरल्या बाई तिथल्या सर्वांत वयस्कर शिक्षिका. स्वतः कुठल्याच शाळेत गेल्या नव्हत्या. म्हणून कुणाला भीतही नव्हत्या.

त्या सकाळी एका व्यापाऱ्याने पेटीभर लेखण्या भेट पाठवल्या होत्या. सुबक, गुळगुळीत, शाई आतच भरलेली, बुडाशी लाखेची मोहोर. पेटी ठेवायची की परत धाडायची, यावरून जुंपली होती.

“अहो, फुकट आहेत!”

“सापळ्यातलं खोबरं उंदराला फुकटच मिळतं, गुरुजी.”

“राजधानीत सगळे ह्याच वापरतात. आपली मुलं मागे पडतील. आणि बोरू तासण्यात अर्धी सकाळ जाते, ती वेगळीच.”

“जाते की! बोरू फाटतो, शिंतोडे उडवतो. मी कुठे नाही म्हणते?”

तेवढ्यात नवी लेखणी घेऊन बसलेल्या एका मुलीचं अक्षर अर्ध्यावरच थांबलं. तिने लेखणी झटकली, कानाशी हलवून पाहिली, मग नखाने मोहोर खरवडू लागली.

“अगं, उघडू नकोस!” गुरुजी ओरडले. “मोहोर तुटली तर व्यापारी दुसरी लेखणी देणार नाही.”

“पण आत काय अडकलंय, गुरुजी?”

गुरुजींना ते ठाऊक नव्हतं.

थोरल्या बाईंनी मुलीपुढे बोरू आणि चाकू ठेवला. पहिला बोरू फाटला. शेजारणीने चाकू कसा धरायचा ते दाखवलं. तिसरीने काप जरा तिरका देऊन पाहिला, तर अक्षर दाट, ठसठशीत उमटलं. दुपारपर्यंत सगळ्या वर्गाच्या बोरूंना तोच तिरका काप होता. कुणी कुणाची परवानगी मागितली नव्हती.

“पण भेट परत केली तर लोक काय म्हणतील?” गुरुजींचा आवाज उतरला होता.

पेटी आली तशीच संध्याकाळी परत गेली. भांडण मात्र दुपारीच मिटलं होतं, बाईंच्या एका वाक्याने:

“जी वस्तू उघडून बघायची मुलाला बंदी, तिला शाळेत जागा नाही.”