दोर धरणारा मेहुणा

फार पूर्वी, डोंगरात मध काढणाऱ्यांचं एक गाव होतं. उंच कड्याला आग्या मोहोळं लागत. त्यांचा नायक दोराला लटकून खाली उतरे आणि वर दोर धरे त्याच्या बायकोचा भाऊ. बहिणीचं कुंकू हातात असलेला माणूस दोर सोडणार नाही, असा त्यामागचा साधा विचार.

या वेळचा नायक नवा होता, लग्नही नुकतंच झालेलं. त्याला सगळं कळायचं; निदान तो तसं सांगायचा. एकदा वारा फिरला म्हणून मेहुण्यानं त्याला न विचारता वर ओढलं, तर चारचौघांत म्हणाला, "पाव्हणं, नायक कोण? मी हाक दिल्याशिवाय कुणी काही करायचं नाही. बोलायचंसुद्धा नाही!"

पुढच्या खेपेला नायक अर्ध्या कड्यावर लटकला होता. हंडा मधानं भरत आला होता. वर मेहुण्याला दिसलं, खडकाच्या धारेवर दोराचा एक पदर तुटला होता.

"दाजी, दोर..."

"हाक दिली का मी?"

मेहुणा गप्प झाला. त्याच्यामागे दोराला हात लावून उभे असलेले बाकीचे गडी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. दुसरा पदर सुटला. ओढावं तर दोर आणखी घासणार, थांबावं तर तुटणार. घाम डोळ्यांत उतरला, तरी पुसायला कुणाचा हात मोकळा नव्हता.

खाली नायकाच्या गालावर दोराचे तंतू पडले. त्यानं वर पाहिलं. नुसता खडक आणि आभाळ.

"पाव्हणं, मला इथून काही दिसत नाही. तुम्ही सांगाल तसं करतो."

"आधी हंडा सोडा!"

"अख्ख्या गावाचा मध..." पुढचं त्यानं गिळलं आणि हंडा सोडला. फुटल्याचा आवाज यायला फार वेळ लागला.

"डाव्या पायाशी कपार आहे. तिच्यावर उभे राहा. दोरावर भार नको."

तो उभा राहिला. दुसरा दोर खाली आला. तो कमरेला बांधून होतोय, तोच पहिला तुटून त्याच्या खांद्यावरून खाली गेला.

वर आल्यावर सगळे मान खाली घालून उभे होते. आता हंड्यावरून बोलणी बसणार! नायक म्हणाला, "मध माझ्यामुळे गेला. तुम्हाला बोलू दिलं असतं, तर तोही वाचला असता."

"मधाचं राहू द्या, दाजी," मेहुणा म्हणाला. "लवकर घरी चला. तुमच्या काळजीनं ताईनं सकाळपासून चूलसुद्धा पेटवलेली नाही."

तात्पर्य इतकंच: ज्यांच्या हाती आपण जीव देतो, त्यांना बोलायची मोकळीकही द्यावी. आपल्याला सगळं दिसत नाही, हे नायकानं दोर तुटायच्या आधीच कबूल करावं.