वाळलेली कणीक

एकदा एका शिष्याने आपला उजवा हात आपल्याच गुरूंपासून लपवायला सुरुवात केली. हात काही चोरीचा नव्हता. पण ज्याला आयुष्यात पखवाजावाचून दुसरे काही करायचे नाही, त्याचा हात दुखू लागला की तो चोरासारखाच वागू लागतो.

शिष्याचे नाव त्र्यंबक. गुरूंना सारे गाव नुसते ‘बुवा’ म्हणत असे. नदीकाठच्या राममंदिरात उत्सवाच्या कीर्तनाला पखवाजाची साथ बुवांनी करायची, हा गावाचा जुना शिरस्ता होता. त्या वर्षी मात्र संक्रांत उलटल्यावर बुवांनी त्र्यंबकाला जवळ बोलावले आणि म्हणाले, “यंदा रामनवमीला माझ्या जागी तू बसायचंस. आणि एक ध्यानात ठेव, हातचं राखून वाजवू नकोस.”

त्र्यंबकाला आकाश ठेंगणे झाले. गुरूंचे ते शेवटचे वाक्य त्याने मंत्रासारखे धरून ठेवले. सकाळी रियाजाला बसला की जेवणाची हाक येईपर्यंत तो उठेना. थाप अशी मारी की शेजारच्या गोठ्यातली गाय दावे ओढू लागे. मनगटात कळ आली की दातओठ खाऊन तो आणखी जोराने वाजवी. कळ येते म्हणजे विद्या अंगात उतरते आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घालून घेतली होती. अशी समजूत आपणही कधी ना कधी घालून घेतो, आणि वर स्वतःचे कौतुकही करून घेतो.

पुढे व्हायचे ते झाले. आधी रियाज संपल्यावर दुखे, मग रियाज चालू असताना दुखू लागले, आणि माघ सरता सरता वाजवायला बसण्याआधीच मनगट ठणकू लागले. पाण्याचा तांब्या उचलताना बोटांतून निसटे. अंगठा हलवला की मनगटाच्या कडेला सुरी फिरल्यासारखे होई. तरीही त्र्यंबक गप्प राहिला. जेवताना लहान लहान घास घेई, नमस्कार करताना हात उपरण्याखाली ठेवी. बुवांकडे रघुनाथ नावाचा आणखी एक शिष्य होता. त्याचा हातही गोड होता. आपला हात दुखावल्याचे बुवांना कळले तर उत्सवाच्या आसनावर रघुनाथ बसेल, ही भीती त्र्यंबकाला आतून खात होती. बिचाऱ्या रघुनाथाच्या मनात तसे काहीच नव्हते, पण घाबरलेल्या माणसाला ते कोणी सांगावे?

आता पखवाजाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. या वाद्याच्या उजव्या तोंडावर काळी शाई असते आणि डाव्या तोंडावर वाजवण्याआधी ओली कणीक थापावी लागते. ती थापली म्हणजे मग डावे तोंड खर्जात घुमते. वादन संपले की मात्र कणीक लागलीच खरवडून काढायची आणि कातडे पुसून कोरडे करायचे. तशीच राहिली तर ती वाळते, वाळता वाळता कातड्याला ओढून धरते, आणि एक दिवस कातडे तडकते. बुवांच्या घरी येणाऱ्या शिष्याचा पहिला धडा बोलांचा नसे. कणीक मळायची कशी आणि काढायची कशी, हाच पहिला धडा असे. त्र्यंबक त्यात इतका तरबेज झाला होता की बुवांच्या पखवाजाची कणीक तोच मळत असे आणि तोच काढत असे.

एके दिवशी सकाळी बुवांनी कणकेचा गोळा हातात घेतला, चिमटीत दाबून पाहिला आणि विचारले, “ही कुणी मळली?”

“मीच, बुवा.”

“गुठळ्या राहिल्यात.”

“घाई झाली थोडी.”

दुसऱ्या दिवशी बुवा ओसरीवर जपमाळ घेऊन बसले आणि तिथून त्यांनी आत पाहिले. त्र्यंबक डाव्या हाताने कणीक मळत होता. उजवा हात मांडीवर निजवून ठेवला होता.

त्या दिवशी बुवांनी स्वतःच्या पखवाजावर थोडा वेळ वाजवले आणि वाद्य त्र्यंबकाकडे सरकवले. त्र्यंबकाने नेहमीप्रमाणे खरवडायची बोथट पट्टी हातात घेतली.

“राहू दे,” बुवा म्हणाले. “आज कणीक काढायची नाही.”

त्र्यंबकाला वाटले, आपल्या ऐकण्यात चूक झाली. “बुवा, वाळेल ती.”

“वाळू दे.”

“कातडं तडकेल हो!”

“वाद्य माझं आहे ना? तडकलं तर माझं तडकेल. गवसणी घाल आणि ठेव कोपऱ्यात.”

गुरूंचे वय झाले, असे त्र्यंबकाच्या मनात येऊन गेले आणि त्याची त्यालाच लाज वाटली. दिवसभर त्याचे चित्त थाऱ्यावर नव्हते. पाणी भरताना, फुले आणताना त्याची नजर त्या कोपऱ्याकडे वळे. दोनदा त्याने गवसणीला हात घातला आणि दोन्ही वेळा बुवांचे खाकरणे ऐकून मागे घेतला. आपला अंगठा दिवसभर ठणकत होता, हे मात्र त्याच्या लक्षातही आले नाही. त्याला काळजी होती ती पखवाजाची.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर बुवांनी गवसणी काढायला लावली. कणीक दगडासारखी झाली होती. तिला भेगा पडल्या होत्या, आणि काठाजवळचे कातडे तिने असे ओढून धरले होते की त्यावर सुरकुत्या उमटल्या होत्या.

“वाजव,” बुवा म्हणाले.

त्र्यंबकाने दुखरा हात मांडीवरच ठेवला आणि डाव्या हाताने हलकेच थाप दिली. रिकाम्या डब्यावर टिचकी मारावी तसा आवाज आला.

“जोरात.”

“बुवा, फुटेल.”

“हातचं राखू नकोस, म्हणून सांगितलं होतं ना? मार थाप!”

त्र्यंबकाच्या डोळ्यांत पाणी आले. गुरूंची आज्ञा त्याने कधी मोडली नव्हती. तरीही त्याने हात मागे घेतला. “नाही बुवा, मला रागवा हवं तर, पण मी मारणार नाही. ते आधीच दुखावलंय. त्याच्यावर आणखी मारलं तर ते कायमचं जाईल.”

“बरं. मग काय करावं म्हणतोस?”

“आधी वाजवणं थांबवावं. ओलं फडकं घालून ठेवावं, कणीक आपणहून मऊ होऊ द्यावी. जेवढी सुटेल तेवढीच काढावी, ओढाओढ करू नये. आणि मग काही दिवस त्याच्याकडून हलकंच काम घ्यावं.”

बुवा हसले. “वैद्य शोभशील. आता तुझा उजवा हात पुढे कर.”

त्र्यंबक जागच्या जागी गोठला. मग त्याने मांडीवरचा हात उचलून गुरूंच्या हातात दिला. बुवांनी अंगठ्याच्या मुळाशी बोट टेकवले. तिथे सूज होती आणि कातडी चटका बसावा इतकी तापली होती.

“किती दिवस झाले?”

“महिना झाला असेल.” आणि मग बांध फुटावा तसा तो बोलत सुटला. “बुवा, मी तुमच्याशी खोटं वागलो. आसन जाईल म्हणून भ्यालो. तुम्हीच म्हणालात हातचं राखू नकोस, म्हणून मी दुखलं तरी थांबलो नाही.”

बुवांनी त्याचा हात सोडला नाही. ते शांतपणे म्हणाले, “कालपासून त्या कातड्यासाठी तुझा जीव खालीवर होतोय, कारण ते माझं आहे. हात पडला तुझा, म्हणून त्याला कुणी वालीच नाही होय रे? रियाज करणाऱ्याच्या हातावरही रोज कणीक चढते, त्र्यंबका. ताणाची, थकव्याची. त्याच दिवशी काढलीस तर ओली असते, सहज निघते. राहू दिलीस तर ती वाळते आणि आत ओढून धरते. आणि तू तर वाळलेल्यावर आणखी थापा मारत राहिलास. हातचं राखू नकोस असं मी म्हणालो. येतं ते सगळं मनापासून दे, एवढाच त्याचा अर्थ. पण हात राखू नकोस, असं मी कधी म्हणालो?”

त्र्यंबकाने मान खाली घातली. इतके दिवस जे वाक्य तो जपत होता, ते त्याने नीट ऐकलेच नव्हते.

“आणि उत्सव?” त्याने कसेबसे विचारले.

“ते मी कशाला सांगू? पखवाजाचं तू मला सांगितलंस. आता हाताचंही तूच सांग.”

नदीवरून सकाळचा वारा येत होता. त्र्यंबकाने त्या सुरकुतलेल्या कातड्यावरून बोट फिरवले. मग तो म्हणाला, “यंदा रघुनाथाला बसवा, बुवा.” मनगटाच्या कळेपेक्षा हे बोलणे त्याला अधिक दुखले. बुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला.

मग दोघांनी मिळून पखवाजावर ओले फडके घातले. दिवसभर ते पुन्हा पुन्हा भिजवले तेव्हा संध्याकाळी कणीक पापुद्र्यापापुद्र्याने सुटली. कातडे वाचले. काठाशी एक बारीक रेघ मात्र राहिली, ती राहिलीच.

हाताला वेळ लागला. वैद्यांनी लेप दिला, अंगठा हलू नये अशी पट्टी बांधली आणि हाताला सुट्टी दिली. जिभेला मात्र बुवांनी सुट्टी दिली नाही. रोज सकाळी त्र्यंबकाला समोर बसवून ते बोल म्हणायला लावीत. आधी त्याला वाटले, हे मन रमवण्यासाठी चालले आहे. पण हात गप्प झाल्यावर बोलांमधल्या जागा त्याला पहिल्यांदाच ऐकू येऊ लागल्या. आजवर तो त्यांच्यावरून धावत गेला होता.

रामनवमीला रघुनाथ आसनावर बसला, आणि बुवांच्या सांगण्यावरून त्र्यंबक त्याच्या शेजारी, पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन. कीर्तन ऐन रंगात आले असताना तिहाई घेताना, म्हणजे तेच बोल तीनदा वाजवून समेवर येताना, रघुनाथ चुकला. त्याने घाबरून शेजारी पाहिले. त्र्यंबकाने क्षणाचाही उशीर न करता हलक्या आवाजात बोल धरले, आणि त्या बोलांच्या बोटाला धरून रघुनाथ समेवर आला. कीर्तनानंतर रघुनाथाने आपल्या गळ्यातला हार काढून त्र्यंबकाच्या गळ्यात घातला. महिनाभर ज्याला आपण वैरी समजलो तो हाच का, असे वाटून त्र्यंबकाला भरून आले.

पट्टी सुटल्यावर बुवांनी त्याला अगदी नवख्यासारखे पुन्हा बसवले. पखवाज फार दूर ठेवून वाजवण्याची त्याला खोड होती, त्यामुळे मनगट वाकडे पडे. बुवांनी वाद्य जवळ ओढले, खाली घोंगडीची घडी दिली आणि मनगट कोपराच्या रेषेत आणले. “हात मारायचा नसतो, पडू द्यायचा असतो,” ते म्हणत. “वर पाठवायचं काम कातडं करतं. तू मध्ये पडू नकोस.” सुरुवात संथ लयीतच करायची, थंडीत आधी हात शेकून घ्यायचे, आणि कळ यायची वाट न पाहता पहिली ओढ जाणवली की थांबायचे, हा नवा नेम झाला. त्र्यंबकाला सुरुवातीला हे सारे बायकी लाड वाटत. एकदा मोठ्याने तसे म्हणालाही. त्यावर बुवांनी त्याला त्या दिवशीच्या भाकऱ्या थापायला बसवले. अर्ध्या वाटेतच कोपरापासून हात भरून आला, आणि पुन्हा तो शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही.

हळूहळू त्याची थाप बदलली. गोठ्यातली गाय आता निवांत रवंथ करी, पण नदीच्या घाटावर धुणे धुणाऱ्या बायका म्हणत, “हल्ली बुवांचा पखवाज इथवर ऐकू येतो.” पखवाज बुवांचा होता, पण वाजवणारा हात त्र्यंबकाचा होता.

पुढच्या वर्षी रामनवमीला त्र्यंबक त्या आसनावर बसला. त्याने हातचे काहीही राखले नाही. गजर टिपेला पोहोचला तेव्हा खांबाला टेकून बसलेल्या बुवांनी डोळे मिटले होते आणि त्यांची मान डोलत होती. कीर्तन संपले तशी माणसे हार घेऊन पुढे आली. कुणी पाया पडू लागले, कुणी त्याचा हात हातात घेऊ पाहू लागले.

“थोडं थांबा हं,” त्र्यंबक म्हणाला. “आधी कणीक काढतो.”

त्याने डाव्या तोंडावरची कणीक खरवडली, कातडे पुसले, काठाशी असलेल्या बारीक रेघेवरून एकदा बोट फिरवले आणि गवसणी घातली. मग तो बाजूला सरकला आणि रघुनाथाने आणून ठेवलेल्या कोमट पाण्याच्या घंगाळात दोन्ही हात बुडवून बोटे सावकाश उघडू मिटू लागला.

हार धरून उभे असलेले एक गृहस्थ जरा उतावीळपणे म्हणाले, “अहो, कणीक काढून झाली ना?”

“पखवाजाची झाली,” त्र्यंबक म्हणाला. “माझी काढतोय.”

गृहस्थांना काहीच कळले नाही. खांबापाशी बसलेले बुवा मात्र मोठ्याने हसले, आणि आपले म्हातारे हात घेऊन तेही त्या घंगाळाशी येऊन बसले.