सुरंगीचा अर्धा हत्ती

डोंगर उतरून समुद्राकडे निघालं की वाटेत एक हिरवीगार बाग लागायची. त्या बागेच्या टोकाला इवल्याशा खोपटात सुरंगी राहायची. वय वर्षं सहा, फ्रॉक एकच, तोही ठिगळांचा. आई दिवसभर बागेत शिंपण करी आणि सुरंगी धाकट्या भिवाला सांभाळी.

भिवा चार वर्षांचा. पावसाळ्यात तापानं फणफणला, बरा झाला, पण तेव्हापासून एक शब्द बोलला नव्हता. नुसता टकमक बघायचा. फक्त एकदा त्याचे डोळे चमकले होते. बागेच्या मालकांची नात शहरातून टॅब घेऊन आली होती. काचेवर बोट लावलं की आत हत्ती नाचायचा! नात परत गेली, हत्तीही गेला.

एका सकाळी फणसाखाली सुरंगीला काहीतरी लुकलुकताना दिसलं. कोळ्याच्या जाळ्यात अंगठ्याएवढी निळी-सोनेरी परी अडकली होती! सुरंगीनं श्वास रोखून एकेक धागा सोडवला. परीचा एक चिमुकला पंख मधोमध फाटला होता. सुरंगीनं आपल्या वेणीची लाल रिबीन उसवली, तिचा बारीक दोरा काढला आणि पंख हळूच बांधला. घरात रिबीन तेवढी एकच होती.

"तीन गोष्टी माग," परी म्हणाली. "पण मी अर्धंच देते. उरलेलं अर्धं दुसऱ्या कुणीतरी आपल्या हातांनी करायचं असतं."

"माझ्या भिवाक बोलता येऊ दे!"

"कुणाच्या तोंडात शब्द घालणं मला जमत नाही गं. एखादी वस्तू माग."

"मग माका हत्तीची काच व्हयी."

लख्खकन उजेड झाला. सुरंगीच्या ओंजळीत चांदण्यासारखी उजळलेली काच होती. पण रिकामी!

"हत्ती खंय?"

"तो तुझ्या अर्ध्यात."

सुरंगी रडकुंडीला आली. तिला येऊन जाऊन येत होता तो फणसाच्या पानाचा बैल. पानाच्या दोन कडा फाडायच्या की झाली दोन शिंगं. तिनं घाईघाईनं पान फाडलं, आणि एक शिंग तुटलं, दुसरं समोर लोंबायला लागलं. पान टाकून देणार, तोच तिचे डोळे विस्फारले. अगोबाई, ही तर सोंड!

परीला खांद्यावर बसवून ती खोपटात धावली. तिनं भिवाला काचेपुढे बसवलं आणि पान मागून धरलं. काचेवर काळाभोर हत्ती उभा राहिला, डुलला, नाचला! भिवा आ वासून बघतच राहिला. पण तोंडून शब्द नाही.

"गाणा दी!" सुरंगीनं परीला विनवलं. काच रुणुझुणु वाजू लागली. सूर होते, शब्द नव्हते. आता सुरंगीला कळलं होतं, शब्द आपणच घालायचे. ती गाऊ लागली. हात बैल करायला सरावलेले, जीभही तशीच.

"डुलत डुलत इलो बैल, बैलाची सोंड लांब..."

"बैल नाय गो!" एक चिडका आवाज आला. "हत्ती म्हण!"

भिवा बोलला होता! बाहेर आईच्या हातातली कळशी धप्पकन पडली. ती धावत आली, त्याला उराशी धरून हसायला लागली, रडायला लागली. "बोललो गो, माझो झील बोललो!"

एक मागणं उरलं होतं. सुरंगीनं फ्रॉकच्या ठिगळांकडे पाहिलं. नवा फ्रॉक! मग तिची नजर दाराशी बसलेल्या परीकडे गेली. ती फाटका पंख सावरत होती.

"तुझो पंख बरो होऊ दे," सुरंगी म्हणाली, आणि लगेच तिचा चेहरा पडला. "पण तो अर्धोच होतलो ना?"

परी खुदकन हसली. "वेडे, त्यातलं अर्धं तू सकाळीच केलंस."

लाल दोरा सोन्यासारखा झळाळला, पंख अखंड उघडला. खोपट गुलाबी, निळ्या, केशरी उजेडानं काठोकाठ भरलं. डोळे उघडून बघतात तो परी नव्हती. काच मात्र तिथंच मंद उजळत होती, आणि सुरंगीच्या अंगावर कोरा करकरीत लाल फ्रॉक होता, फक्त बाह्या शिवायच्या राहिल्या होत्या.

आई हसत सुई शोधायला उठली. भिवानं फणसाचं एक पान ओढून घेतलं.

"आता माका फाडूक दी," तो म्हणाला.