टिटवीच्या अंड्यांना वळसा

बाळांनो, डोंगराच्या पायथ्याशी एक दाट जंगल होतं आणि त्यात गव्यांचा एक कळप राहत असे. कळपाचा राजा म्हणजे एक धिप्पाड गवा. अंग काळंभोर आणि चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरेशुभ्र, जणू मोजेच घातलेत. त्या पांढऱ्या पायांचा राजाला भारी अभिमान. संध्याकाळी कळप तळ्यावर पाणी प्यायला निघाला की राजा पुढे चाले, आणि त्याचं पाऊल जिथे पडेल नेमकं तिथेच मागच्या प्रत्येकाने पाऊल ठेवायचं, अशी या कळपाची रीत होती. ती कोणी आणि का पाडली, ते आता कोणालाच आठवत नव्हतं. पण वर्षानुवर्षं त्याच जागी खूर पडून पडून वाटेवर खोल, गोल खळगे झाले होते. वाट खडकाळ पट्ट्यावरून जात असे, कारण बाजूला चिखल होता आणि चिखलात मोजे मळतात.

एकदा कळप बराच काळ पलीकडच्या डोंगरावर चरायला गेला. इकडे वाट ओस पडलेली पाहून एका टिटवीने त्यातल्याच एका खळग्यात अंडी घातली. आयता गोल खड्डा, भोवती अंड्यांच्याच रंगाचे खडे. तिला वाटलं, याहून सुरक्षित जागा कुठली? आणि मग उन्हाळा तापला, डोंगरावरचे झरे आटले, आणि कळप परत आला.

टिटवीचा जीव उडाला. "अगं, उगाच काळजी करतेस तू. काही होत नाही," टिटवा म्हणाला आणि किडे टिपायला गेला. टिटवी जरा जास्तच काळजी करत होती, असं तुम्हालाही वाटेल. वाटू दे. पण ज्यांची अंडी उघड्या जमिनीवर, त्यांना थोडं जास्तच काळजी करावी लागते.

ती तडक राजासमोर जाऊन उभी राहिली. "महाराज, तुमच्या वाटेवर माझी अंडी आहेत. आज संध्याकाळी जरा बाजूने जाल का?"

राजाचा कारभारी होता एक कोल्हा. तो फिसकन हसला. "ही बघा महाराज, पाय वर करून झोपते आणि म्हणते आभाळ मी पेललंय! बाई, अंडी उचल आणि दुसरीकडे ठेव की."

"कशात उचलू? चोचीत मावत नाहीत आणि पाठीवर टिकत नाहीत. तुम्ही नेता का तोंडात धरून?" टिटवी म्हणाली आणि लगेच जीभ चावली. "नको, नको. तुम्ही तर नकोच."

राजा मनाने वाईट नव्हता. तो गंभीरपणे म्हणाला, "बाई, निर्धास्त राहा. आत्ताच हुकूम काढतो. टिटवीच्या अंड्यांना कोणीही धक्का लावायचा नाही!"

कोल्ह्याने जंगलभर हाळी दिली. कळपाने माना डोलावल्या. टिटवीने मात्र हळूच विचारलं, "आणि महाराज, आपण कुठून जाणार?"

"मी? मी नेहमीच्याच वाटेने. राजाची वाट वळत नसते."

"पण मग बाकीचे..."

"बाई, हुकूम काढलाय ना मी!"

संध्याकाळी कळप निघाला. त्या खळग्याजवळ येताच राजाने एक लांब ढांग टाकली, अंड्यांवरून ऐटीत पलीकडे गेला आणि मागे न बघता तळ्याकडे चालू लागला. त्याच्यामागे होती त्याची म्हातारी आत्याबाई. तिचे पाय आखूड, गुडघे दुखरे. तिने खूर उचलला आणि खाली बघते तर काय, खळग्यात अंडी, आणि अंड्यांपुढे दोन्ही पंख पसरून ती एवढीशी टिटवी! "टिटिव टिव! पाऊल मागे घ्या! मागे घ्या!"

"घेतलं असतं गं बाई, पण मागून ढकलतायत!" आत्याबाई तीन पायांवर डुलत ओरडली. तहानलेल्या वासरांनी मागे एकच रेटारेटी चालवली होती. पण टिटवी जागची हलली नाही.

राजाने पाण्याला तोंड लावायला मान वाकवली, तर आजूबाजूला नेहमीची गडबड नाही. वळून पाहिलं, तर तळ्याकाठी तो एकटाच. "अरे, या ना! थांबलात कशाला?"

"कशी येऊ?" आत्याबाई म्हणाली. "नेहमीच्या खळग्यात पाऊल ठेवलं तर अंडी फुटतात. नाही ठेवलं तर रीत मोडते. आणि तुझ्यासारखी ढांग टाकायचे दिवस माझे गेले रे बाबा!"

"मग बाजूने या!"

"बाजूला तुझं पाऊल कुठाय?"

राजाने वाटेच्या बाजूच्या चिखलाकडे पाहिलं. कोल्हा धावत येऊन त्याच्या कानाशी लागला, "महाराज, आपण पाणी प्या. चार अंड्यांपायी राजाने मागे फिरायचं म्हणजे..."

राजाने पंख पसरून उभ्या त्या पाखराकडे पाहिलं. तिच्यासमोर सगळा कळप होता, तरी ती बाजूला झाली नव्हती. आणि आपण? चिखल लागेल म्हणून वाटही सोडली नाही! त्याने पाणी न पिताच पाठ फिरवली. आत्याबाईपाशी येऊन खांद्याने तिला सावरलं, रेटा अंगावर झेलला, आणि मग खडकाळ पट्टा सोडून थेट चिखलात उतरला. पचाक, पचाक! पांढरे मोजे गेले. बाभळीचा एक काटाही रुतला. पण अंड्यांना मोठा वळसा घालत त्याने तळ्यापर्यंत ठसठशीत पावलं उमटवली, आणि त्या पावलांवरून आत्याबाई आली, वासरं आली, सगळा कळप आला.

"राजा वळला हो! आता लोक काय म्हणतील?" कोल्हा कळवळला.

"लोक पाणी पितायत," आत्याबाई घोट गिळून म्हणाली. "तोंड रिकामं झालं की सांगतील."

थोड्या दिवसांनी टिटवीची अंडी फुटली, पण आतून. काड्यांसारख्या पायांची पिल्लं बाहेर पडली आणि पहिल्याच दिवशी कुठे पळावं, तर थेट कळपाच्या मधून! "अगं बाई! महाराज, पाय! पाय सांभाळा!" टिटवी किंचाळली. राजाने उचललेला खूर तसाच हवेत धरला आणि मागे मान न वळवता पिल्लांची वाट बघत राहिला. त्याच्यामागे सगळा कळप, थेट शेवटच्या वासरापर्यंत, एकेक पाय वर धरून उभा होता. हुकूम मात्र कोणीच दिला नव्हता.

तात्पर्य : हुकूम सोडायला सत्ता पुरते, पण लोकांनी जसं वागावं असं वाटतं, तसं जो आधी स्वतः वागून दाखवतो, अंगाला चिखल लागला तरी, तोच खरा पुढारी.