सारजाचं पूलघर

सारजाला घर नव्हतं. तिची आई दगड घडवायची, दुसऱ्यांच्या घरांचे पाये भरायची, दारं बसवायची. काम संपलं की कुणीतरी म्हणायचं, "आता निघा." मग मायलेकी पुढचं गाव शोधायच्या. यंदा त्या एका हिरव्यागार दरीच्या काठावर, फाटक्या ताडपत्रीखाली राहत होत्या. थंडीनं आईला खोकला जडला होता.

दरीच्या या काठावर कुंभारांची वाडी होती, त्या काठावर धनगरांची. मधे खळाळता ओढा. दोन्हीकडच्यांना एकमेकांच्या चुलींचा धूर दिसायचा, पण येणंजाणं नव्हतं. सारजाला मात्र सगळ्याचंच कुतूहल. तिकडे काय शिजत असेल? धूर निळा का दिसतो? मुंगीला घर बांधायला कोण शिकवतं?

एका सोनेरी सकाळी काटक्या वेचताना तिला दरीकाठच्या उंबराखाली काहीतरी लुकलुकताना दिसलं. दवानं चमचमणाऱ्या कोळ्याच्या जाळ्यात एक इवलीशी परी अडकली होती! जांभळे पंख, त्यांना मोरपिशी किनार, आणि कोवळ्या पालवीचा झगा.

"तोड ना गं हे जाळं," परी कळवळून म्हणाली.

"तोडलं तर कोळी कुठे राहील?" म्हणत सारजानं गवताच्या काडीनं एकेक धागा अलगद बाजूला केला. परी भुर्रकन सुटली, जाळंही शाबूत राहिलं.

परी हसली, तशी हवेत गुलाबी चकाकी उधळली. "तुला एक घर देते. हवं तसं माग. पण अट आहे हं! घर जिथे हवं, तिथे जो जो राहतो, त्याला आधी विचारायचं, तुला काय हवं? एकजण जरी विचारायचा राहिला, तरी घर उभं राहणार नाही. आणि हे सगळं सूर्य मावळायच्या आत."

"झाडं-पाखरं बोलतील माझ्याशी?"

"आज बोलतील."

सारजा धावत सुटली. कुंभारवाडीतली कोंडाआजी म्हणाली, "मडकी वाळवायला सावली हवी बाई, पण वारा खेळता हवा." सारजा शेळीसारखी दगडांवरून उतरली नि पलीकडे चढली. तिथे बिरूमामा मेंढरं राखत होता. "पावसात मेंढरांना आडोसा हवा," तो म्हणाला, "आणि बोलायला माणूस! ही नुसती 'बें' करतात."

"माझी फांदी तोडू नका," उंबर सळसळला. "माझी ढोली बुजवू नका," धनेश पक्षी ओरडला. "माझी वाट अडवू नका," ओढा खळखळला. "आमची रांग मोडू नका!" मुंग्या म्हणाल्या. आई खोकत म्हणाली, "ऊबदार चूल असली की झालं."

ऊन केशरी झालं. सारजाचं काय चाललंय ते बघायला दोन्ही काठांवर माणसं जमली होती. सारजानं डोळे मिटले. "परी, असं घर दे, जे या काठावर सुरू होईल नि त्या काठावर संपेल. खालून ओढा वाहील, मधून उंबर वर जाईल."

काहीच झालं नाही.

"कुणीतरी राहिलंय," परी हळूच म्हणाली.

कोण? बेडूक? शेवाळ? त्यांनाही विचारलं होतं. सूर्याची नुसती लाल कड उरली. सारजाच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात कोंडाआजी पुढे आली. तिनं सारजाचा चेहरा ओंजळीत घेतला. "अगं, सगळ्यांना विचारत फिरलीस. तुला काय हवंय, बाळा?"

हे तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. सारजाला हुंदका आला. "जिथून आम्हाला कुणी 'निघा' म्हणणार नाही, अशी जागा."

"कोण म्हणतंय बघतोच!" पलीकडून बिरूमामा गरजला.

आणि दरी झळाळली! दगडी कमानी सरसर उभ्या राहिल्या, त्यांच्यावर लालचुटुक कौलांचं छप्पर आलं. छपरातल्या गोल खिडकीतून उंबर आभाळात डोकावला. वारा आरपार खेळू लागला. मधोमध, चार भिंतींच्या आत, चूल पेटली. परी पिवळ्या, निळ्या, रुपेरी प्रकाशात विरघळत विरघळत दिसेनाशी झाली.

इकडून मडकी आली, तिकडून दुधाची चरवी. माणसं दारापाशी जराशी बिचकली.

सारजाच्या आईनं पदर खोचला. तिनं जन्मभर दुसऱ्यांची दारं बसवली होती. आता पहिल्यांदाच ती स्वतःच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "या, बसा."