साळिंदर आणि ओढ्याचं पाणी

डोंगराच्या पायथ्याशी पसरलेल्या एका जंगलात एक साळिंदर राहत असे. राहत असे म्हणजे एकटंच राहत असे. अंगभर काटे घेऊन जन्माला आलेल्याच्या बिळाशी कोण कशाला फिरकेल? सशाची पोरं वाट वाकडी करून जात आणि रानडुकरासारखं दांडगं जनावरसुद्धा त्याच्यापासून चार हात लांब राही. एकटा जीव सदाशिव, असं लोक म्हणतात खरं. पण मुलांनो, असं म्हणणारे बहुतेक जण घरी दहा जणांच्या पंगतीत जेवत असतात. साळिंदराला आपलं एकटेपण मुळीच आवडत नव्हतं.

त्याच जंगलातल्या ओढ्याच्या वरच्या अंगाला रांजणखळगे होते. पाण्यानं वर्षानुवर्षं गरगर फिरून खडकात कोरलेले, रांजणाएवढे खोल खड्डे. जंगलाला लागणारा जखमेचा सगळा लेप त्यांत तयार होई. मुंग्या आपला आंबट रस आणत, लाखेचे किडे लाख देत, मधमाश्या मेण देत आणि उदमांजर त्यात हिरड्याची साल भिजवून दिवसचे दिवस ढवळत बसे. काटा रुतला, शिंग लागलं, वणव्यात पाय पोळला, की त्या लेपावाचून कोणाचं चालत नसे. पण बहुतेक कारागीर पडले चिमुकले. त्यांचा आवाज सिंहाच्या कानापर्यंत पोचायचा नाही. म्हणून दरबारात आपली बाजू मांडायला त्यांनी साळिंदराला नेमलं होतं. ज्याच्या पाठीवरून कोणाला हात फिरवता येत नाही, त्याला गोंजारून फितवणार तरी कोण, असा त्यांचा हिशेब होता.

दर हंगामाच्या सुरुवातीला दरबार भरे आणि दरबाराच्या दिवशी शिकार बंद असे, त्यामुळे हरणंसुद्धा निर्धास्तपणे सिंहासमोर बसत. रिवाज असा होता, की खळग्यांच्या खालचं पाणी पळसाच्या द्रोणात भरून आणायचं, साळिंदरानं ते सर्वांसमोर प्यायचं आणि चव खरी खरी सांगायची. मगच सिंह खळगे चालू ठेवायची परवानगी देई. साळिंदर हे दिवसा झोपणारं जनावर. बिचारं उन्हात डोळे किलकिले करत उभं राही, पण चवीच्या बाबतीत त्याची जीभ कधी अडखळली नाही. एका वर्षी तर त्यानं आपल्याच कारागिरांच्या तोंडावर सांगितलं, की पाणी तुरट लागतंय, आठ दिवस काम बंद ठेवा. कारागिरांनी त्याच्या नावानं बोटं मोडली, पण तेव्हापासून सिंह म्हणायला लागला, "साळिंदर प्यायलं म्हणजे मी प्यायलो."

सगळं सुरळीत चाललं होतं, तोच नदीपलीकडचे कावळे तिकडचा लेप घेऊन येऊ लागले. लेप पातळ होता, पण मुबलक होता आणि मागाल तेव्हा दारात येऊन पडत होता. इकडे कारागिरांना आपला लेप मागे पडायची धास्ती वाटली. त्यांनी दुप्पट लेप करायला घेतला. पूर्वी उरलेलं आंबट पाणी वाळूच्या खड्ड्यात निवळू देऊन मग ओढ्यात सोडत. आता तेवढी सवड कुणाला होती? पाणी थेट ओढ्यात जाऊ लागलं. महिन्याभरात खालच्या अंगाला पाणी पिणाऱ्या पाडसांची तोंडं आली आणि एका म्हाताऱ्या हरिणीनं सिंहाकडे तक्रार नेली.

साळिंदर खळग्यांवर गेलं आणि त्यानं कारागिरांना परोपरीनं समजावलं, की नवे खड्डे खणा, चार दिवस माल कमी निघाला तरी चालेल, दरबारात मी मुदत मागून घेतो. कोणी ऐकेना. चार दिवस हात आखडला तर कावळे जंगल घशात घालतील, असं मुंग्यांचं म्हणणं. तू आमच्या वतीनं बोलणारा की हरणांच्या, असंही एकानं विचारून घेतलं. साळिंदर मान खाली घालून परत आलं.

दरबाराच्या आदल्या दिवशी मात्र नवल घडलं. मधमाश्यांनी साळिंदराला जेवायला बोलावलं. ते नेहमीप्रमाणे कडेला, दगडाआड जाऊन बसलं, तेव्हा थोरली मुंगी स्वतः उठून त्याच्यापाशी आली. "दादा, आज तिथं नाही बसायचं. आज आमच्या मधोमध बसायचं," ती म्हणाली. मग मधमाश्यांनी त्याच्या एकेका काट्याच्या टोकावर मेणाची मऊ गोळी बसवली. एवढे काटे, पण एकही सोडला नाही. झालं! काटे बोथट झाले आणि सगळे त्याला खेटून बसले. उदमांजरानं त्याच्या कुशीला डोकं टेकवलं. इतक्या वर्षांत कोणाच्या अंगाची ऊब म्हणून त्याला माहीत नव्हती. त्याचे डोळे भरून आले. दरबाराबद्दल एक शब्द कोणी काढला नाही. काढायची गरजच नव्हती.

सकाळी द्रोण भरून उदमांजर आलं. ते खळग्यांच्या वरच्या अंगानं आलं होतं. साळिंदरानं ते पाहिलं. पाणी कुठून भरलं, एवढं विचारायला काय लागत होतं? पण काट्यांवर मेण अजून तसंच होतं आणि साळिंदरानं विचारलं नाही.

दरबारात ते पाणी प्यायलं आणि म्हणालं, "गोड आहे."

सिंहानं तक्रार फेटाळली. म्हातारी हरिणी नुसती साळिंदराकडे बघत राहिली. कारागिरांनी जयजयकार केला आणि ते लगोलग कामाला पळाले, कारण दुप्पट लेप करायचा होता ना! साळिंदर एकटंच परत निघालं. ऊन कडक होतं. वाटेत मेण पाघळून थेंब थेंब धुळीत पडत गेलं आणि बिळाशी पोचेपर्यंत त्याचे सगळे काटे पुन्हा उघडे झाले. पुन्हा मेण लावायला कोणी आलं नाही.

हंगाम उलटला. पुढच्या दरबाराच्या सकाळीच साळिंदराच्या पंजाला खडा लागला. जवळ कावळ्यांचाच लेप होता, तो त्यानं लावला, तर पंजा भाजल्यासारखा सुजला. हुंगून पाहतो तर काय, लेपात निवडुंगाचा चीक! वरून थंड, आतून जाळणारा. साळिंदर लंगडत लंगडत थेट दरबारात गेलं. बाहेरून येणारा प्रत्येक लेप नदीच्या काठावर तपासावा आणि मगच आत सोडावा, एवढंच त्याला मागायचं होतं. ते मान्य झालं असतं, तर कावळ्यांचं पितळ उघडं पडलं असतं, कारागिरांना श्वास घ्यायला फुरसत मिळाली असती आणि खड्डेही खणून झाले असते. साळिंदरानं सगळं नीट मांडलं, सुजलेला पंजाही दाखवला. त्या दिवशी त्याच्या बोलण्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

तेवढ्यात म्हातारी हरिणी पुढं आली. तिनं द्रोण त्याच्यासमोर ठेवला. "हे खालच्या अंगाचं पाणी आहे. मी स्वतः भरलंय. आधी हे पी, मग लेपाचं बोल," ती म्हणाली.

साळिंदरानं द्रोण उचलला. ते पाणी प्यायलं आणि त्याची जीभ चरचरली. खोटं बोलायचं त्याच्या मनातही आलं नाही. "आंबट आहे. त्या दिवशीही खालचं पाणी असंच असणार," ते म्हणालं. "पण महाराज, लेपाची गोष्ट खरी आहे."

सिंहानं द्रोण बाजूला सारला. त्याला राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं. मग तो म्हणाला, "त्या दिवशी तू प्यायलास, तेव्हा मीही प्यायलो होतो. आज मला तहान नाही."

खळगे त्याच दिवशी बंद झाले. लेप तपासायचं कोणी नाव काढलं नाही आणि कावळ्यांना रान मोकळं मिळालं. मुंग्या दुसऱ्या डोंगरावर गेल्या, मधमाश्यांनी पोळं सोडलं, उदमांजर कुठं गेलं ते कळलंच नाही. पुढे कावळ्यांच्या लेपानं कितीतरी जणांच्या जखमा चिघळल्या आणि साळिंदर खरं सांगत होतं हे सगळ्यांना पटलं. पण तोवर लेप करणारं कोणी उरलं नव्हतं. जाताना कारागिरांनी साळिंदराला दोष दिला नाही. निरोपही घेतला नाही. दोष दिला असता तर बरं झालं असतं, असं त्याला पुष्कळदा वाटे. निदान कोणीतरी बिळापर्यंत आलं असतं.

आता साळिंदर रोज सकाळी रिकाम्या खळग्यांपाशी जातं. त्यांच्या खालच्या अंगाला उतरून पळसाच्या द्रोणात पाणी घेतं, उन्हात डोळे किलकिले करून उभं राहतं आणि पितं. पाणी निवळशंख झालं आहे. "गोड आहे," ते मोठ्यानं सांगतं. आणि ते खरंच गोड असतं; पण ऐकायला तिथं कोणी नसतं.

तात्पर्य : जो दुसऱ्यांच्या वतीनं बोलतो, त्यानं त्यांच्या मायेखातरही खोटा शब्द देऊ नये; एकदा शब्दावरचा विश्वास गेला, की मग खरं सांगूनही आपल्या माणसांना वाचवता येत नाही.